मापाडी

जुलैचा पहिला रविवार. आम्ही त्याला खिळ्यांचा रविवार म्हणतो.
पहाटे पाचला मी पेटी उघडते,
वाळल्या लव्हेंडरचा वास आधी बाहेर येतो
आणि मग माणसं:
सतरा जाकिटं, नऊ कातडी ॲप्रन,
दोन लष्करी कोट, ज्यांत बेकरीवाले भाऊ
पोट आत ओढून शिरतात,
आणि तळाशी मापाड्याचा हिरवा झगा,
बारा रुपेरी गुंड्यांचा.

बावीस वर्षं मी या गावाला टाचण्या लावतेय.
कुणाचा खांदा पडला,
कोण पोटुशी आहे आणि अजून कुठे बोललेली नाही,
पाद्रीबाबांच्या आधी माझ्या फितीला कळतं.

लेनार्टला झगा चढवला तर म्हणाला,
"गुंड्या तूच लाव, नेझा."
एवढंच.

चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात
पोरांच्या तापाची पूड
ज्याने श्वास रोखून तोलली,
त्याच्या बोटांना काज सापडत नव्हतं.
मी मान खाली घालून लावल्या. बाराच्या बारा.

दहाला ओढ्याचं पाणी चाकावर सोडलं.
घण उठला, पडला,
खिडक्यांतल्या कुंड्या हादरल्या.
भट्टीपाशी ओझ्बोल्ट, ठार बहिरा,
घाव मनगटाने ऐकणारा,
परदेशी पोरांना दाखवत होता:
पाच ठोक्यांत टोक, दोन ठोक्यांत डोकं.
एका पोराला आपला खिळा
तसाच लालभडक खिशात घालायचा होता.

बाराला चौकात, लिंडनच्या सावलीत,
अडीचशे वर्षांपूर्वीचा एक शनिवार.
बाया आठवड्याचे खिळे टोपल्यांतून आणतात.
मापाडी तोलतो.
मापाडी वजनांच्या पारड्यावर हळूच अंगठा ठेवतो
आणि सगळा चौक ओरडतो: थू! मापात पाप!
आम्हाला हे फार आवडतं.

ज्याने जन्मात गुंजभर लबाडी केली नाही
त्यालाच आम्ही दर साली लबाड करतो.
दुसरं कुणी तयार होत नाही.
निम्म्या गावाचे पूर्वज
खरोखरचे मापाडी होते.

यंदा अंगठा ठेवला
आणि पारडं नाचायला लागलं.
वर, खाली, वर.
खिळे एकमेकांवर किणकिणत राहिले,
दातांवर दात वाजावेत तसे.
लोक हसले. मागून कुणी म्हणालं, "काय वठवतोय!"
लेनार्ट आपल्या हाताकडे बघत होता,
जणू तो दुसऱ्या कुणाचा,
विसरून गेलेल्या गिऱ्हाइकाचा.

पोलोनाने इथे रडायचं असतं.
पोलोना, शाळेची बस चालवणारी,
डोंगराच्या वळणांवर चाळीस पोरं
शिट्टी वाजवत उतरवणारी,
तिला रडणं कधीच धड जमलं नाही.
ती पुढे झाली.
सकाळी मीच कोळसा फासलेला तिचा पंजा
तिने त्याच्या हातावर ठेवला
आणि दाबला.

पारडं गप्प झालं.
खिळे हलके ठरले.
लिहिलं होतं तशी ती फसली,
आपल्याच हाताच्या भाराने.

चौकाला समजेना, थुंकायचं कधी.
लिंडनमधल्या मधमाश्या ऐकू यायला लागल्या.
मग त्या खिळेवाल्या पोराने,
आपली भाषा न येणाऱ्या,
जोरात, मनापासून, एकट्यानेच म्हटलं: थू!
आणि लेनार्ट
वाकून,
हसून,
झग्याचा घोळ सावरत
त्याला नमस्कार करून गेला.

संध्याकाळी सगळे पुन्हा आपापल्या विजारींत.
मी घड्या घातल्या, गुंड्या मोजल्या.
हिरव्या झग्याच्या आतल्या खिशात
दुकानातलं पाच ग्रॅमचं पितळी वजन होतं.
दर वर्षी असतं.
मी दर वर्षी परत नेऊन देते,
तोही काही बोलत नाही.

बाहीवर कोळशाची चार बोटं आहेत.
जुलै संपत आला.
झगा अजून धुवायला टाकलेला नाही.